दार फुकट, पार्किंग महाग

मुंबईच्या राणीच्या बागेचा, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयाचा, विषय निघाला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटात दोन तट पडतात. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याला आले, त्यांतलं एक काही महिन्यांतच दगावलं, आणि पुढच्या वर्षी १ ऑगस्टपासून मोठ्यांचं तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झालं. आईवडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपये. तेव्हापासून वाद तोच आहे. थोरला मामा म्हणतो, १०० रुपयांत आज मल्टिप्लेक्सात पॉपकॉर्नही येत नाहीत. फुकट दिलं की लोक घाण करतात. मावसबहीण म्हणते, प्राणी कोंडून ठेवायचे दिवस संपले, झाडं राहू द्या आणि पिंजरे काढून टाका. मग कुणीतरी माझ्याकडे वळतं: "तुमच्या तिकडे कसं असतं गं?"

मी वॉशिंग्टनच्या शेजारी मेरीलँडमध्ये राहते. "तिकडचं" सांगताना बढाई वाटू नये म्हणून मी बहुधा गप्प बसते. पण हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून यंदा सविस्तर लिहिते आहे.

उन्हाळा आला की इथल्या मराठी घरांतून आजी-आजोबांचा मुक्काम सुरू होतो. त्यांना आणि नातवंडांना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी रमवायचं तर राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयासारखी दुसरी जागा या शहरात नाही. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १८८९ मध्ये कायदा करून ते स्थापन केलं. इथली सरकारी संग्रहालयं सांभाळणारी स्मिथसोनियन संस्था ते चालवते आणि आत जायला पैसे पडत नाहीत. प्रवेशपत्र आधी ऑनलाइन घ्यावं लागतं, तेही मोफत. गाडी घेऊन गेलात तर मात्र पार्किंगचे ३० डॉलर मोजावे लागतात. म्हणजे मेट्रोने येणाऱ्या कुटुंबाला एक पैसाही नाही, आणि मोटारीने येणाऱ्याने संस्थेला हातभार लावायचा. नाताळचा एक दिवस सोडला तर वर्षभर ते उघडं असतं.

कुणी येणार असेल तर माझा सल्ला असा. मेट्रोच्या रेड लाइनने या आणि वूडली पार्कऐवजी क्लीव्हलंड पार्कला उतरा. नकाशावर दोन्ही स्थानकं सारखीच जवळ दिसतात, पण वूडली पार्कहून जाताना चढ लागतो आणि सासूबाईंचे गुडघे दारापर्यंतच बोलायला लागतात. दार आठला उघडतं, तेव्हाच आत शिरा. जुलैत अकरा वाजले की वॉशिंग्टनची हवा मुंबईइतकीच दमट होते आणि वाघ-सिंह सावलीत जाऊन आडवे होतात. आणि सगळं बघायचा हट्ट धरू नका. कनेटिकट ॲव्हेन्यूवरच्या दारापासून रॉक क्रीकच्या ओढ्यापर्यंत सारी जमीन उतरती आहे. उतरताना कुणाला काही वाटत नाही. परतताना पेंगुळलेलं पोर खांद्यावर आणि मागे हळूहळू चढणारे आजोबा, अशी वरात काढावी लागते. त्यापेक्षा पांडा, हत्ती आणि पक्षी एवढंच ठरवा आणि बाकीचं पुढच्या खेपेला ठेवा. घरचा डबा आत नेता येतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही तिथल्या बाकांवर बसून कितीतरी वेळा खाल्ली आहे.

"पुढच्या खेपेला" म्हणता येणं, यातच फुकट दाराची सगळी किंमत आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात जा, तिथे चौघांच्या कुटुंबाला २०० डॉलरच्या वर तिकीट पडतं. एवढे पैसे मोजले की माणूस वसुलीच्या मागे लागतो. पोरांना ओढत या पिंजऱ्याकडून त्या पिंजऱ्याकडे पळवतो आणि दुपारी तीनला सगळेच चिडलेले असतात. फुकट असलं की एका हत्तीपुढे पाऊण तास उभं राहायची मुभा मिळते. माझ्या सासऱ्यांनी तेच केलं. हत्तीणीने गजांमधून पाय पुढे करून एका आडव्या पट्टीवर ठेवला होता, आणि निगा राखणारी मुलगी तिच्या तळव्याची वाढलेली जाड कातडी कानशीने घासत होती. घासून झालं की शाबासकीचा तुकडा. पाय खाली, मग दुसरा पाय. कोंडलेल्या हत्तीला मऊ जमिनीवर मैलोन्‌मैल चालायला मिळत नाही, म्हणून त्याचे तळवे आणि नखं बिघडतात आणि त्यातूनच पुष्कळ हत्ती दगावतात, हे तिने सांगितलं. सासरे लालबागला वाढले, राणीची बाग त्यांच्या लहानपणीची. इतकं जवळून हत्तीचं दुखणं त्यांना कुणी समजावलं नव्हतं.

मामाच्या मुद्द्याचं उत्तर मात्र यापेक्षा खोलात जाऊन द्यायला हवं, कारण फुकट दिलं की लोक बेशिस्त वागतात हे इथेही बोललं जातं. ईस्टरनंतरच्या सोमवारी वॉशिंग्टनमधली कृष्णवर्णीय कुटुंबं या प्राणिसंग्रहालयात जमतात. ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. शहरातल्या अनेक सार्वजनिक जागा त्यांना बंद होत्या, त्या काळात आज्या, आत्या, चुलत भावंडं असा सगळा गोतावळा टोपल्यांत जेवण भरून इथे येत असे आणि दिवसभर हिरवळीवर बसत असे. २००० साली त्याच दिवशी दाराजवळ गोळीबार झाला, सात मुलं जखमी झाली. त्यानंतर बंदोबस्त वाढला, पण तो सोमवार रद्द झाला नाही आणि दारावर तिकीटही लागलं नाही. आजही ती कुटुंबं येतात. काही लोकांच्या वागण्याचा दंड सगळ्या गरिबांना करायचा नाही, हे इथे ठरवून पाळलेलं आहे. मामा, स्वच्छता तिकिटाने येत नाही. ती कचऱ्याचे डबे, झाडूवाले, पाण्याचे नळ आणि दर थोड्या अंतरावरची स्वच्छतागृहं यांनी येते, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम धरावी लागते.

पण फुकट दाराला एक मोठी जोखीमही आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. या संस्थेचा बराचसा खर्च केंद्र सरकार उचलतं. त्यामुळे काँग्रेसमध्ये अंदाजपत्रकावरून भांडण झालं आणि सरकार ठप्प झालं की प्राणिसंग्रहालयालाही कुलूप लागतं. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये लागलं होतं, २०१९ च्या जानेवारीत लागलं आणि २०२५ च्या शरदातही. प्राण्यांचं खाणंपिणं चालू राहतं, कर्मचारी कामावर येतात, पण माणसं बाहेर. विमानाची तिकिटं काढून आलेले आजोबा बंद दाराचा फोटो काढून परत गेल्याची उदाहरणं आमच्या ओळखीत आहेत. मुंबई महापालिकेचा गाडा असा अडत नाही, ही आपली जमेची बाजू.

आता मावसबहिणीच्या मुद्द्याकडे येते. तो मला जास्त छळतो, कारण या प्राणिसंग्रहालयाच्या इतिहासात आपल्याकडून आलेले दोन प्राणी आहेत आणि दोघांचीही कहाणी तिच्याच बाजूने बोलते.

पहिली मोहिनी. मध्य प्रदेशातल्या रीवाच्या महाराजांकडची पांढरी वाघीण, १९६० मध्ये वॉशिंग्टनला आली. व्हाइट हाऊसवर नेऊन ती अध्यक्ष आयझेनहॉवर यांना दाखवली गेली आणि तिला बघायला माणसांची रीघ लागली. १९५१ मध्ये जंगलातून पकडलेल्या मोहन नावाच्या पांढऱ्या बछड्यापासून हा सगळा वंश वाढवला. कसा वाढवला, तर मोहनचं त्याच्याच मुलीशी मीलन करून. मोहिनी त्या जोडीची. म्हणजे तिचा बाप तिचा आजोबाही होता. पुढे तिचंही जवळच्या नात्यातच मीलन करून पिलं काढली. तिरळे डोळे, अधू पाय, कोवळ्या वयात मरणारे बछडे, ही पांढऱ्या रंगाची किंमत होती. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये आपल्या सदस्यांना पांढऱ्या वाघांची पैदास थांबवायला सांगितलं. गर्दी खेचणारा प्राणी सोडून द्यायला त्यांना पन्नास वर्षं लागली.

दुसरी अंबिका, ही हत्तीण. कूर्गच्या जंगलात लहानपणीच पकडली, लाकडं ओढायला जुंपली, आणि १९६१ मध्ये भारतातल्या मुलांची भेट म्हणून इथे पाठवली. मार्च २०२० मध्ये ती गेली तेव्हा ७२ वर्षांची होती. शेवटच्या वर्षांत तिला हिंडायला बरी जागा मिळाली, कारण हत्तींसाठी टेकडीवर चढत जाणारी वाट आणि मोठा गोठा असलेला नवा विभाग २०१३ मध्ये पुरा झाला. त्याला ५ कोटी ६० लाख डॉलर लागले. आयुष्याची जवळपास पन्नास वर्षं मात्र तिने त्याआधीच्या जागेत काढली होती. आपल्याकडे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच सांगितलं की हत्ती प्राणिसंग्रहालयांत ठेवू नका, वनखात्याच्या छावण्यांत हलवा. हा निर्णय मला इथल्या कोट्यवधींच्या बांधकामापेक्षा शहाणपणाचा वाटतो, आणि घरच्या वादात त्याचं नावही कुणी घेत नाही याचं वाईट वाटतं.

तरीही पिंजरे काढून टाका, असं मी म्हणणार नाही. जे प्राणी परत जंगलात सोडता येत नाहीत त्यांचं काय? जुन्नरजवळ माणिकडोहच्या निवारा केंद्रात असे बिबटे आहेत: कुणी विहिरीत पडून जायबंदी झालेला, कुणी उसाच्या फडात सापडलेला पोरका बछडा, माणसाच्या हातावर वाढलेला. ते जन्मभर माणसाच्याच ताब्यात राहणार. नारायणगाव, मंचर, शिरूरकडच्या मुलांना बिबट्या म्हणजे रात्रीची भीती आणि मुंबईच्या मुलांना मोबाइलवरचा व्हिडिओ. असे दोन बिबटे भरपूर जागेत, त्यांच्या खऱ्या गोष्टीसकट शहरात दाखवले, तर पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे पेंग्विन वातानुकूलित काचेमागे सांभाळण्यापेक्षा ते आपल्या मुलांच्या जास्त कामाचं आहे. पेंग्विन आता आले आहेत, त्यांना पिलंही झाली आहेत. त्यांना नीट सांभाळलंच पाहिजे. पुढचा प्राणी परदेशातून आणायचा की नाही, हा खरा प्रश्न आहे आणि माझं उत्तर नको असं आहे.

आणखी एक गोष्ट इथून शिकण्यासारखी आहे, आणि ती इथल्या लाजिरवाण्या प्रसंगातून आली. जानेवारी २००३ मध्ये या प्राणिसंग्रहालयात दोन तांबडे पांडा मेले. त्यांच्याच आवारात उंदरांसाठी विषाच्या गोळ्या पुरल्या होत्या. काँग्रेसने राष्ट्रीय विज्ञान अकादमीला चौकशी करायला लावलं. फेब्रुवारी २००४ मध्ये पहिला अहवाल आला. त्यात प्राण्यांच्या निगेत, खाण्यात, नोंदींत झालेली हयगय उघड लिहिली होती. त्याच दिवशी संचालिकेने पद सोडत असल्याचं जाहीर केलं. अहवाल आजही कुणालाही वाचता येतो. आपल्याकडे पेंग्विन दगावलं तेव्हा चर्चा झाली ती ते कुणी आणवलं आणि कंत्राट कुणाला मिळालं याची. ते कशामुळे गेलं, निगेत काय बदललं, हे विचारणारे आवाज त्या गदारोळात बुडाले. मला हे राजकारणाच्या कुठल्याही बाजूपेक्षा जास्त खटकतं.

राणीची बाग १८६२ मधली, म्हणजे वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयापेक्षा २७ वर्षांनी थोरली. तिथली गोरखचिंच, उर्वशीचा मोहोर आणि जुन्या झाडांची सावली इथे कुठल्याही पैशाने मिळणार नाही. ती झाडं नूतनीकरणात जाऊ नयेत म्हणून मुंबईकर झगडले, त्यांचे उपकार आहेत. भायखळा स्थानकावरून बागेत चालत जाता येतं. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. फोर्टातला काळ्या घोड्याचा पुतळा १९६५ पासून याच आवारात उभा आहे. कुटुंबाच्या अख्ख्या दिवसाची सगळी सामग्री तिथे आहे. दर बुधवारी बाग बंद असते, प्राण्यांना आणि कर्मचाऱ्यांना उसंत. ती प्रथा मला आवडते, वॉशिंग्टननेही घ्यावी.

महापालिकेत पुन्हा तिकिटाचा प्रस्ताव आला, तर मामा आणि मावसबहीण दोघांनीही एकाच पत्रावर सही करावी असं मला वाटतं. पायी आणि लोकलने येणाऱ्यांचं तिकीट ५० रुपयांवरून पुन्हा ५ वर आणा. मोटारींकडून आजच्या कितीतरी पट पार्किंग घ्या. त्या पैशातून आजोबांना बसायला सावलीत बाक आणि लहान मुलांच्या उंचीचे पाण्याचे नळ बसवा. बागेत मेलेल्या प्रत्येक प्राण्याचा शवविच्छेदन अहवाल मराठीत, महिन्याच्या आत, दारावरच्या फलकावर लावा. पत्राचा मसुदा मी गटात टाकते आहे. दुरुस्त्या रविवारपर्यंत कळवा.