‘सकाळपासून भाकर नाही’ म्हणणारी सासू आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मेसेज

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. आधी भावकीच्या ग्रुपवर आला, मग निवृत्त शिक्षकांच्या, आणि शेवटी पुतण्याने थेट मलाच धाडला. मजकूर थोडक्यात असा: ‘स्मृतिभ्रंश हा आजारच नाही, साठी बुद्धी नाठी हे वाडवडिलांनी सांगून ठेवलंय. खेड्यात, एकत्र कुटुंबात तो होत नाही; शहरात एकटं टाकलेल्या आईबापांना होतो. रोज हळदीचं दूध द्या, स्मरण परत येतं. डॉक्टरांकडे औषध नाही, पैसे घालवू नका. म्हाताऱ्या माणसाला सारखं विचारत राहा, चुकलं की लगेच सुधारा. ज्या घरात प्रेम आहे, तिथं कुणी काही विसरत नाही.’

माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. आम्ही लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात राहतो. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. सहा वर्षांपासून आत्याबाईंना अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, आहे आणि त्यांचं सगळं मी करते. म्हणून या मेसेजला उत्तर द्यायचं ठरवलं.

आधी साठीचं बघू. लासी-डॅड या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा त्यांचा अंदाज, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. याचाच अर्थ शंभरातल्या ब्याण्णवांना तो नाही. उलट १९०१ साली जर्मनीत आलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी जिला तपासलं, ती ऑगुस्टे डेटर अवघी ५१ वर्षांची होती. ती वारल्यावर तिच्या मेंदूत त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली साचलेले थर आणि गुंतलेले धागे दिसले. पुढे आजाराला त्यांचंच नाव पडलं. वयाबरोबर धोका वाढतो हे खरं, पण म्हणून तो म्हातारपणाचा भाग ठरत नाही.

आत्याबाई चष्मा कुठं ठेवला ते विसरायच्या, तेव्हा मीही मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी त्या काटवट घेऊन बसल्या, ज्वारीचं पीठ घेतलं, पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि थांबल्या. साठ-पासष्ट वर्षं भाकरी थापलेले ते हात तसेच पिठात राहिले. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाई, ह्याचं पुढं काय करतेत?” तो आवाज मला अजून ऐकू येतो. वस्तू कुठं ठेवली हे विसरणं कुणालाही होतं. हातात मुरलेलं काम हातातून निघून जाणं, रोजचा रस्ता अनोळखी होणं, पैशाचा हिशेब अचानक न जमणं, हे मेंदूचं दुखणं असू शकतं. आम्ही दवाखान्यात नेलं तेव्हा पहिल्या डॉक्टरांनीही “वय झालं आता” म्हणून परत पाठवलं. त्यात आमचं दीड वर्ष गेलं.

आता खेड्याचं. त्याच पाहणीत ग्रामीण भागातलं प्रमाण ८.४ टक्के निघालं आणि शहरातलं ५.३. बायकांमध्ये ९, पुरुषांमध्ये ५.८. म्हणजे मेसेज सांगतो त्याच्या अगदी उलट. कारणं बरीच आहेत, पण एक आपल्या मराठवाड्याच्या फार जवळचं आहे. लहानपणी शाळा न मिळणं हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा घटक मानला जातो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. आज ऐंशीच्या पुढं असलेल्या आपल्या आया-आज्यांपैकी किती जणींनी पाटी हातात धरली? आत्याबाईंनी नाही धरली. शिक्षिका म्हणून मला हे जास्त लागतं.

आणि एकत्र कुटुंब म्हणाल, तर मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडायला कोयते निघायचे, वस्त्या ओस पडायच्या. मागे राहायची म्हातारी माणसं आणि काही लेकरं, चैत्र येईपर्यंत. घरातली आजी एकच गोष्ट दहादा विचारतेय, हे लक्षात येणार कुणाच्या? आठ वर्षांच्या नातवाच्या? माझ्या वर्गातली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत घरी पळायची. आजी चूल पेटती ठेवून शेताकडं निघून जाते म्हणून. तेव्हा मी त्या मुलीला उशिरा आल्याबद्दल रागावले होते. आज तिची माफी मागावीशी वाटते.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे. एकटेपणा हा खरोखर धोक्याचा घटक आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात असे १४ घटक दिले आहेत, आणि ते सगळे हाताळता आले तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो असा त्यांचा अंदाज आहे. एकटेपणाबरोबर त्या यादीत रक्तदाब, साखर, धूम्रपान, डोक्याचा मार, कमी ऐकू येणं आणि कमी दिसणंही आहे. घरातल्या म्हाताऱ्याला ऐकू येत नसेल तर ‘बहिरं झालं’ म्हणून गप्प बसू नका, कान तपासून घ्या, यंत्र मिळवून द्या. मोतीबिंदू काढून घ्या.

हळदीबद्दल थोडक्यात. वसमतच्या हळदीचा मलाही अभिमान आहे, भाजीत रोज घालते. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत अल्झायमर कमी आढळल्याचा एक जुना अभ्यास आहे. तिथूनच हळदीची गोष्ट पसरली. त्या अभ्यासात हळद तपासलीच नव्हती. हळदीतलं कर्क्युमिन अल्झायमरच्या रुग्णांना देऊन चाचण्याही झाल्या, त्यांत उपयोग दिसला नाही.

‘डॉक्टरांकडे औषध नाही, मग जायचं कशाला’ हे मात्र धोकादायक आहे. अल्झायमर मुळापासून बरा करणारं औषध नाही, हे खरं. डोनेपेझिल, मेमँटीनसारख्या गोळ्यांनी काहींना काही काळ आराम पडतो, तेवढंच. पण विसरणारा प्रत्येक माणूस अल्झायमरचा नसतो. बी-१२ कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, आतून नैराश्य असेल, चालू गोळ्यांचा परिणाम असेल, तरी माणूस असाच वागतो, आणि यांवर उपाय आहेत. आमच्या गल्लीतले एक काका न्हाणीत पडले होते. तीन आठवड्यांनी ते नातवंडांची नावं चुकवू लागले. लेकाने लातूरला नेऊन डोक्याचा स्कॅन केला, कवटीखाली रक्त साचलेलं निघालं. ऑपरेशन झालं. आज ते पारावर बसून पेपर वाचतात. आणि दोन-चार दिवसांतच माणूस एकदम बरळायला लागला, तर थांबूच नका. लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, असं काहीही असतं आणि ते तातडीचं असतं.

‘चुकलं की लगेच सुधारा’ हा सल्ला मी सुरुवातीला अगदी मनापासून पाळला. शिक्षिकेची सवय. “सांगा बरं मी कोण? आज वार कोणता?” उत्तर आलं नाही की आत्याबाईंचा चेहरा पडायचा, त्या पदराचं टोक चावत बसायच्या. नवी आठवण साठवणारा मेंदूचा भागच या आजारात आधी खराब होतो; विचारून विचारून ती परत येत नाही. जुन्या आठवणी मात्र बराच काळ टिकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर किल्लारीचा भूकंप झाला, तो आत्याबाईंच्या अंगात अजून आहे. दिवस मावळला की त्या अस्वस्थ होतात, दाराकडे धावतात, “लेकरांना भाईर काढा, भिंती पडायल्यात” म्हणतात. पहिल्या वर्षी मी सांगायची, “अहो आत्याबाई, त्याला तीस वर्षं झाली.” त्या मला ढकलायच्या. आता मी म्हणते, “चला, सगळे भाईर आलेत.” अंगणात बाज टाकलेली असते. हाताला धरून बसवते, नातवंडांची नावं एकेक करून मोजते. पंधरा-वीस मिनिटांत त्यांचा श्वास खाली बसतो, मग चहा घेतात. संध्याकाळी घरात आधीच दिवे लावून ठेवायचे, सावल्या पडू द्यायच्या नाहीत, हेही तेव्हाच शिकले. आरशातल्या बाईला त्या घाबरायच्या, म्हणून आरशावर लुगडं टाकलंय. झंपरच्या आतून फोन नंबर शिवलाय.

शेवटचं वाक्य, प्रेमाचं. ते वाचून मी रात्रभर जागी होते.

आत्याबाई जेवतात आणि हात धुवून ओसरीवर बसतात. रस्त्यानं कुणी बाई गेली की हाक मारतात, “माय, सकाळपासून भाकर नाही बघ मला.” जेवल्याचं त्यांना आठवत नाही, भूक खोटी नसते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा दोन बायका माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन बोलल्या. एकीने तर ताट वाढून आणलं. सहा महिने मी गावात मान वर करून चालले नाही. माझं प्रेम कमी पडलं असेल का, असं मलाच वाटायचं. आता मी त्यांच्या वाटणीच्या भाकरीचे चतकोर करून ठेवते. दोन चतकोर जेवणात, दोन नंतरसाठी फडक्यात. मागितलं की थोड्या दुधात कुस्करून देते. “आत्ताच जेवलात ना” हे वाक्य मी सोडून दिलंय. आणि त्या दोन्ही बायकांना घरी बोलावून आजार समजावून सांगितला. ताट आणणारी आता दर गुरुवारी येऊन आत्याबाईंना ओव्या म्हणायला लावते. ओव्या त्यांना अजून येतात, एकही शब्द चुकत नाही.

सांभाळणाऱ्यांनो, जीव घाबरा झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे नंबर फुकट आहेत. फोन करा.

पुतण्यालाही मी उत्तर पाठवलं: “बाळा, येत्या रविवारी ये. दुपारी चार ते सात आजीपाशी बस. बाज अंगणात टाक, चतकोर डब्यात ठेवलेत. मला तीन तास झोपायचंय.” तो येतो म्हणालाय.