"खप वाढला की नफा येतोच" – या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

सडेतोड लिहिलंत, आवडलं. तुमचे आक्षेप दोन. "500 रुपयांच्या आतला माल ऑनलाईन विकताना जपा" असं लिहून मी नवख्यांना घाबरवतो, खप वाढला की नफा येतोच, हा एक. आणि खरा मार टीसीएस-टीडीएसचा (ऑनलाईन कंपनी तुमच्या विक्रीतून आधीच कापून घेते त्या कराचा) असताना मी त्यावर गप्प आहे, हा दुसरा.

दुसरा आधी उरकतो. टीसीएस, म्हणजे जीएसटीपोटी होणारी कपात, 10 जुलै 2024 पासून अर्धा टक्का आहे आणि तो जीएसटी पोर्टलवर तुमच्याच कॅश लेजरला (कर भरायच्या खात्याला) जमा होतो. टीडीएस, म्हणजे आयकरापोटी होणारी कपात, 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.1 टक्का, तो आयकरात वळता होतो. पैसे अडकतात, बुडत नाहीत. (सीएने हे सांगितलं नसेल तर त्याला जरा विचारा.)

आता खपाचं. समजा पितळी तांब्या, जीएसटी सोडून विक्री 475. खरेदी 260, कमिशन-शिपिंग वगैरे 155, पॅकिंग 15. हातात 45. एक परत आला की जाण्या-येण्याचे 110 तुमच्या बोकांडी. दहात दोन परत आले तर 140 उरतात. चार आले तर 170 खिशातून, आणि पोचा पडलेल्या तांब्याचं नुकसान वेगळंच. अशा वेळी खप वाढवणं म्हणजे तोटा वाढवणं. कॅश ऑन डिलिव्हरीवर तर माणूस दारातूनच पार्सल परत पाठवतो.

मग परत येणं कमी कसं करायचं? आपल्या भांडी बाजारात गिऱ्हाईक भांडं हातात तोलून बघतं, भाव किलोवर ठरतो. ऑनलाईन त्याला फक्त फोटो दिसतो, मग घरी गेल्यावर "हलकं निघालं" म्हणून परत. त्यामुळे ग्रॅममधलं वजन आणि किती मिली पाणी मावतं हे पहिल्याच ओळीत लिहा. विक्री थोडी घटेल. घटू द्या.

आणि समई अख्खी पाठवू नका, सगळ्यात जास्त पैसे तिथेच गळतात! बहुतेक कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येणारे किलो खऱ्या वजनाहून जास्त असले तर बिल त्याचं लावतात. 45×20×20 चा खोका म्हणजे 3.6 किलो, समई भले दोनच किलोची असो. आटे सोडवून 30×20×15 मध्ये बसवली की 1.8 येतात, मग बिल खऱ्या दोन किलोचं लागतं.

नाशिकच्या रविवार कारंज्याला गाळा घेऊन भाडं भरण्यापेक्षा ऑनलाईन विकणं परवडतं, हे तुमचं म्हणणं मात्र मान्य. फक्त दिवाळी सेलमध्ये भाव पाडण्याआधी गेल्या तीन महिन्यांचा सेटलमेंट रिपोर्ट (सगळं कापून कंपनीने तुम्हाला किती दिले त्याचा हिशोब) काढा आणि परत आलेल्या ऑर्डरींचा रकाना आधी बघा.