वाटेतल्या काट्या, शाळेतले डबे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कोरोनाच्या साथीत गावाने माणसं कशी सांभाळली, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. 'धन्यवाद, मत पोचलं' एवढं लिहून सोडून द्यावी अशी ती नाही, म्हणून हे वेगळं उत्तर. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मे 2020 मध्ये कोकणातल्या गावांनी आपल्याच चाकरमान्यांच्या वाटेत काट्या टाकल्या. तुमच्या वडिलांना घर समोर दिसत असताना विलगीकरणाचे चौदा दिवस शाळेत काढावे लागले. मुंबई मंडळाने, म्हणजे मुंबईतल्या गावकऱ्यांच्या संघटनेने, पाठवलेलं धान्य गावाला चाललं, मुंबईकर चालला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव तर घेऊच नये, कारण ते 'एका माणसाचं गाव' आहे. आणि शेवटी, 'गाव सांभाळतं' ही शहरात बसून उमाळे काढणाऱ्यांची भाषा आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. मी दापोली तालुक्यात राहतो. 2020 आणि 2021, दोन्ही वर्षं इथेच होतो. साथीच्या बंदोबस्तासाठी गावात नेमलेल्या ग्राम कृती दलात माझं नाव नव्हतं, पण अक्षर बरं म्हणून दलाची वही लिहायला मला बसवलं होतं. तेव्हा जे लिहिलं ते उमाळ्याने नाही, त्या वहीच्या जोरावर लिहिलं.

आता काट्या. पडल्या, काही ठिकाणी रस्ते खणलेही. त्याची बाजू मी घेणार नाही, पण त्या वेळी गावात कोण होतं ते आठवा. आमच्या वाडीत चार घरांआड एक घर बंद, आणि उघड्या घरांत साठीच्या पुढची दोन-दोन माणसं. कशेडी घाटात मुंबईहून येणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली टीव्हीवर दिसत होती. जिल्ह्यात तपासणीची सोय जूनमध्ये झाली, तोवर घशातले नमुने थेट मिरजेला जायचे आणि अहवालाची वाट बघत माणूस तसाच बसून राहायचा. भीती खरी होती. काट्या टाकणं हा मात्र शुद्ध अडाणीपणा होता, आणि तो माणुसकीच्याच नव्हे तर व्यवहाराच्या हिशेबानेही. गाडीरस्ता अडवला म्हणून माणूस परत मुंबईला जात नाही. तो रात्री मागच्या पाखाडीने येतो, गुपचूप घरात शिरतो, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. ज्यांनी वाट उघडी ठेवली आणि नाक्यावर नाव लिहून घेतलं, त्यांना निदान कोण कुठे आहे ते ठाऊक होतं.

शाळेचं म्हणाल तर सगळा फरक तिथल्या सोयीत होता. काही गावांत नुसती नोटीस लागली, की बाहेरून आलेल्यांनी शाळेत राहावे, सही, शिक्का. आत पाणी आहे का, रात्री दिवा लागतो का, बायकांनी जायचं कुठे, हे कुणी पाहिलं नाही. तिथे भांडणं झाली आणि ती व्हायलाच हवी होती. आमच्याकडे आधी टाकीला नळ बसवला, वर्ग धुऊन काढले, आणि वहीत एक रकाना आखला: 'डबा कोणाचा'. ज्यांचं घर उघडं होतं त्यांचा डबा घरून यायचा. ज्यांचं घर बंद, त्यांच्यासाठी वाडीने पाळी लावली. डबा व्हरांड्याच्या पायरीवर ठेवायचा, हाक मारायची आणि गडग्यापर्यंत मागे यायचं. सकाळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा येई. मुंबईच्या पोरांना दोन दिवस त्याचं अप्रूप वाटलं, तिसऱ्या दिवशी वहीत मागणी आली, 'पोहे चालतील'. त्याच वहीच्या मागच्या पानावर औषधांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असत, बीपीच्या, साखरेच्या. एक मुलगा बाईकवरून दापोलीला जाऊन सगळ्यांची औषधं एकदम आणायचा. हे काही महान कार्य नव्हे. पण तुमच्या वडिलांना याच्या निम्मं मिळालं असतं तरी तुमची प्रतिक्रिया वेगळी झाली असती, असं मला वाटतं.

त्यात 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडकडे काय झालं ते मुंबईच्या बातम्यांत दोन दिवस दिसलं आणि मग गेलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौलं-पत्रे उडाले, वीज यायला कित्येक गावांत आठवडे लागले. आमच्या शाळेचेही पत्रे गेले, आणि आत माणसं होती. त्यांना भर पावसात देवळाच्या सभामंडपात आणलं तेव्हा कोणाचे किती दिवस भरलेत हे कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी छपरांवर कोण चढलं? मेमध्ये ज्यांना नाक्यावर थांबवलं होतं ती पोरं. म्हाताऱ्यांच्या अंगात कौलं चढवायचं बळ नव्हतं आणि बाहेरून गवंडी-सुतार मिळत नव्हते. त्या पावसाळ्यात चाकरमान्यांवरून वाडीत मोठा वाद झाला नाही. ऑगस्टमध्ये गणपतीला सरकारने चौदाचे दहा दिवस केले, तेव्हाही आमच्याकडे कुरकुर झाली ती फक्त आरतीला किती जण उभे राहणार यावरून.

हिवरे बाजारबद्दल. गावाचं नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांचं नाव त्या गावापासून वेगळं काढता येत नाही, हे मान्य. पण मे 2021 मध्ये गाव कोरोनामुक्त झालं ते एका माणसाने घरोघर हिंडून नाही. स्वयंसेवकांची पथकं होती, लक्षण दिसलं की माणूस त्याच दिवशी बाजूला काढला जाई आणि गावाबाहेर ये-जा करणाऱ्यांवर लक्ष असे. दरवर्षी पाऊस मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिकं घ्यायची ते ठरवणारं हे गाव आहे. एकत्र बसून आकडे बघायची सवय असलेल्या लोकांना पथकं नेमायला कितीसा वेळ लागणार? माझा आक्षेप वेगळ्या गोष्टीला आहे. त्यानंतर सरकारने कोरोनामुक्त गाव स्पर्धा काढली आणि प्रत्येक महसूल विभागात 50, 25 आणि 15 लाखांची बक्षिसं ठेवली. हेतू चांगला असेल, पण रुग्ण नसण्याला बक्षीस ठेवलं की ताप लपवावासा वाटतो. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

आणि एकाच माणसाच्या खांद्यावर गाव उभं होतं असं म्हणायचंच असेल, तर बहुतेक गावांत तो माणूस म्हणजे आशाताई. ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन रोज उंबरे झिजवणारी तीच, नातेवाइकांच्या शिव्या खाणारीही तीच. कोविडच्या कामाचे तिला महिन्याला हजार रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस. 15 जून 2021 ला राज्यभरच्या आशांनी संप केला, तेव्हा कुठे मानधनात हजार आणि वर कोविड भत्ता पाचशे अशी वाढ पदरात पडली. त्या संपाच्या दिवसांत आमच्या गावातल्या बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की तिला पगार नसतो.

तुमच्या प्रतिक्रियेत जे नाही, त्याबद्दल आता बोलतो. तुम्ही रागावलात कारण गावावर तुमचा हक्क आहे. घर आहे, भावकी आहे, मंडळात वर्गणी आहे. शाळेत का होईना, डबा आला असता तो त्या हक्काने. आमच्या डोंगराकडच्या अंगाला कातकरवाडी, म्हणजे कातकरी आदिवासींची वस्ती, आहे. वीटभट्ट्या आणि कोळशाची कामं एकाएकी बंद पडली, तेव्हा ती माणसं पोरंबाळं घेऊन चालत परत आली. त्यांच्या वाटेत काट्या टाकायला कोणी गेलं नाही, कारण ती आली हेच कोणाच्या ध्यानात नव्हतं. माणशी पाच किलो मोफत तांदूळ जाहीर झाला होता, पण तो रेशनकार्डावर. काहींकडे कार्डच नाही, काहींचं कार्ड कुणाकडे तरी गहाण. अंगणवाडीच्या बाई वर जाऊन आल्या आणि त्यांनी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, सगळ्यांसमोर सांगितलं की चुली दिवसाआड पेटतायत. तेव्हा मुंबई मंडळाचं धान्य नुकतंच उतरलं होतं. ते वर पाठवायचं की नाही यावर तासभर वाद झाला. 'त्यांना सरकार देतं, हे आमच्या पोरांनी घाम गाळून पाठवलंय,' असं म्हणणारे माझ्याच घराशेजारचे होते. शेवटी निम्मं गेलं, आणि त्या दिवसापासून वहीत कातकरवाडीचं वेगळं पान सुरू झालं. गाव सांभाळतं ते भावकीच्या ओळीने सांभाळतं. त्या ओळीबाहेरच्यापर्यंत पोचायला कोणीतरी सहाणेवर उभं राहून तोंड वाजवावं लागतं. गावावर टीका करायचीच असेल तर माझ्या मते ती इथे करायला हवी. चाकरमान्यांना निदान फेसबुकवर लिहिता येत होतं.

राहिला मंडळाच्या धान्याचा प्रश्न. आमच्या वाडीत आलेल्या गोणी आणि गेलेल्या गोणी कागदावर लिहून तो कागद देवळाच्या खांबाला चिकटवला होता, त्यामुळे कुजबुज लवकर मिटली. तुमच्या गावातही ग्राम कृती दलाने काही ना काही लिहून ठेवलंच असेल. सरपंच बदलले असतील तरी ते कागद ग्रामपंचायतीत असायला हवेत, आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा. तोंडी दाद लागली नाही तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वही हाती आली की तुमच्या वडिलांच्या चौदा दिवसांत डबा कोणाचा होता ते बघा. आणि कातकरवाडी किंवा धनगरवाडी असेल तर तिचं पान त्यात आहे का, तेही इथे खाली कळवा.