अँटिबायोटिक बंद करा, ताक पाजा? नका रे बाप्पा

गावच्या ग्रुपवर तीन दिवसांपासून एक मेसेज फिरून राहिला: बोन मॅरो (हाडातला रक्त बनवणारा मगज) ट्रान्सप्लांटनंतर जीव्हीएचडी, म्हणजे डोनरच्या पेशी पेशंटच्याच अंगावर उलटतात तो आजार, होतो तो पोटातले चांगले जंतू मेल्यामुळंच, म्हणून अँटिबायोटिक बंद करा अन् रोज घरचं ताक पाजा, परदेशात तर निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू देतात. आमच्या गडचिरोलीकडं सिकलसेलचे (रक्ताचा जन्मजात आजार) पोरं गावोगावी आहेत. माझ्या भाच्याले त्याच आजारासाठी त्याच्या बहिणीची मॅरो देऊन दोन महिने झाले, अन् परवा आईनं हा मेसेज ऐकून त्याच्यासाठी लोटाभर ताक काढून झाकून ठेवलं, म्हणून लिहून राहिलो.

जंतू मेल्यामुळंच, हे चूक. हल्ला करतात डोनरच्या टी-सेल, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्यायले पेशंटचं अंग परकं वाटते, मग कातडी, लिव्हर, आतडं धरतात. जंतूंचा हात त्यात आहे हे मी मानतो. ट्रान्सप्लांटआधीच्या केमोनं आतड्याचं अस्तर सोलून निघते, जंतूंचे तुकडे आत झिरपतात अन् टी-सेल अजून भडकतात, उलट काही जंतू फायबरपासून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात अन् त्यावर त्याच अस्तराच्या पेशी जगतात. २०२० मध्ये अमेरिका, जर्मनी, जपानच्या चार सेंटरमधल्या १,३६२ पेशंटचा अभ्यास आला, ज्यायच्या पोटात जंतूंचे प्रकार कमी उरले त्यायच्यात मृत्यू जास्त दिसले. पण जंतू वाढवले की माणूस वाचते, हे त्यातून सिद्ध नाही होत.

अँटिबायोटिक बंद करा हे वाचून तर मले घामच फुटला. पांढऱ्या पेशी नसताना ताप आला तर एका रात्रीत पेशंट जाऊ शकते. काही अँटिबायोटिक चांगले जंतू जास्त मारतात हे खरं, पण म्हणून कोणतं द्यायचं हे डॉक्टरनं ठरवावं, आपण घरी गोळी बंद करू नये.

ताकाचं म्हणाल तर आतड्यातले जे ब्लॉशियासारखे चांगले जंतू ट्रान्सप्लांटमध्ये संपतात त्यायले हवा चालत नाही, ते ताकात नसतातच. ताकातले लॅक्टोबॅसिलस तुम्हाआम्हाले चांगले, अशा पेशंटच्या मात्र रक्तात उतरल्याच्या केसेस आहेत.

जीव्हीएचडीसाठी विष्ठेतले जंतू देतात ते बहुतेक ट्रायलमध्ये (औषधाच्या चाचणीत), डोनर तपासून. तरी २०१९ मध्ये अमेरिकेत एकाच डोनरच्या कॅप्सूलमधून दोघांना औषधाले न जुमानणारा ई-कोलाय जंतू लागला, एक जण गेला, अन् तो ट्रान्सप्लांटचाच पेशंट होता. त्या जंतूची टेस्ट त्या कॅप्सूलवर झालीच नव्हती.

आईले हे सगळं सांगितलं तर ती म्हणे, "मंग लेकराले देऊ काय?" डायटवाल्या मॅडमनं लिहून दिलेला कागद काढला, त्यात ताजी, गरम, मऊ खिचडी होती, तीच लावली. ताक आम्ही पेलो.