पॉलिसीच्या तासाला नवी मुंबई का नसते?

दर आठवड्याला तेच. पब्लिक पॉलिसीचा तास सुरू झाला की स्क्रीनवर ते गोल चक्र येतं, प्रश्न ओळखा, पर्याय काढा, निर्णय घ्या, राबवा, मूल्यमापन करा, आणि मग कुठल्यातरी परदेशी शहराची केस स्टडी. अरे पण आपण बसलोय कुठे? नवी मुंबईतल्या बेलापूरला ना!

१९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी आली, शहरासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, नीट मोबदला मिळावा म्हणून शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे माणसं रस्त्यावर उतरली, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा भागात गोळीबारात पाच जण गेले आणि पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. अख्खं चक्र यात आहे की, तेही रक्त सांडून! पण हे वर्गात काढलं की उत्तर ठरलेलं, ‘सिलॅबसला धरून बोला’.

प्रोजेक्टला आम्ही गावठाणातल्या ‘गरजेपोटी’ घरांचा, म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून परवानगीशिवाय बांधलेल्या घरांचा विषय मागितला तर म्हणे इंटरनॅशनल काहीतरी घ्या, रेफरन्स चांगले मिळतात. आमच्या ग्रुपमधल्या घणसोलीच्या पोराकडे आजोबांच्या नावाची भूसंपादनाची नोटीस आहे, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली, घडीवर फाटत आलेली. तो रेफरन्स नाही? त्याने ती वर्गात आणली होती, कुणी हातात पण घेतली नाही, डोकंच फिरलं माझं.

बाकी लेक्चर, मार्क वगैरे जाऊ दे. निदान एक असाइनमेंट तरी इथली द्या ना, सिडको भवन स्टेशनवरून चालत जाता येतं.