डॉक्टरांशेजारची दुसरी खुर्ची

फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारा सहाय्यक, या चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला माझा प्रवेश गेल्या आठवड्यात निश्चित झाला. तेव्हापासून इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या घरी जे कोणी भेटायला येतात, ते आधी मनापासून अभिनंदन करतात आणि मग आवाज थोडा खाली आणून आईला विचारतात, ‘म्हणजे डॉक्टर व्हायचा विचार सोडला का हिने?’ विचारणाऱ्यांच्या मनात आपुलकीच असते, हे मला ठाऊक आहे. पण प्रत्येकाला उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे पडते, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

बी.एस्सी. झाल्यावर मी अकरा महिने एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात काम केले. सोमवारी पहाटे गंगवाल बसस्थानकावरून झाबुआची बस धरायची, धार, राजगढ आणि माछलिया घाट मागे टाकत दीडशे किलोमीटर जायचे आणि शनिवारी रात्री परतायचे, असा क्रम होता. माझ्याकडे नोंदणीचे काम होते. नाव, गाव, वय, वजन, रक्तदाब लिहून कागद डॉक्टरांपुढे सरकवायचा. हाटाच्या दिवशी आमची गाडी बाजाराच्या कडेला उभी राहिली की पाच तासांत ऐंशी रुग्ण येत असत. भागाकार सोपा आहे: एका माणसाच्या वाट्याला चार मिनिटेसुद्धा येत नाहीत. आमचे डॉक्टर निष्णात होते, मायाळू होते, आणि एकटे होते. त्यांच्या एकटेपणाबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे.

एका हाटाला पस्तिशीतला एक माणूस आला. तिकडे वडीलधाऱ्या भिल्ल पुरुषाला सगळे ‘मामा’ म्हणतात. वय नसतानाही तो मामाच वाटावा, इतका खंगला होता. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रेच्या तीन फिल्म आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे होती. क्षयाची औषधे त्याने दोन वेळा पूर्ण घेतली होती, एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयातही दाखवून झाले होते, आणि तरी चार पावले चालला की तो थांबत होता. प्रत्येक जुन्या कागदावर व्यवसायापुढे ‘शेती’ असेच लिहिलेले होते. मीसुद्धा तेच लिहिले. पण त्या दिवशी आधीचा रुग्ण आत बराच वेळ रेंगाळला, माझ्या शेजारची घडीची खुर्ची रिकामी होती, म्हणून मी त्याला बसवले आणि विचारले की मक्याची कापणी झाल्यावर पुढचे महिने कुठे जाता? तो म्हणाला, ‘गोध्र्याला.’ तिथे काय करता? ‘पांढरा दगड दळतो.’ किती वर्षे? त्याने बोटांवर मोजले, चार हंगाम. सोबत भाऊही जात होता. तो गेल्या पावसाळ्यात वारला. दगडाची भुकटी कशी उडते हे सांगताना त्याने स्वतःच्या पापण्यांवरून बोट फिरवून दाखवले.

मी कागदावर ‘गोध्रा, क्वार्ट्झ, चार हंगाम’ एवढे चार शब्दांत लिहून आत दिले. डॉक्टरांनी तो कागद वाचला, बाजूला ठेवलेली फिल्म पुन्हा उचलली आणि गाडीच्या खिडकीच्या उजेडात धरली. तिसऱ्यांदा क्षयाची औषधे सुरू करण्यापूर्वी थुंकीची तपासणी पुन्हा करायची आणि सिलिकोसिसच्या, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाच्या, निदानासाठी जिल्हा रुग्णालयात पाठवायचे, असे त्यांनी ठरवले. सिलिकोसिसमध्ये फुप्फुसात बसलेली धूळ बाहेर काढणारे औषध नाही, आणि त्या रुग्णाला क्षय होण्याचा धोकाही अधिक असतो, त्यामुळे हा काही चमत्कार नव्हता. पण रोगाचे नाव कागदावर येणे ही तिथे फार मोठी गोष्ट असते. गोध्रा परिसरातल्या अशा कारखान्यांत काम करून मरण पावलेल्या मध्य प्रदेशातल्या 238 मजुरांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली गुजरात सरकारला दिला होता. ज्याच्या कागदावर आयुष्यभर ‘शेती’ आणि ‘क्षय’ एवढेच लिहिलेले राहते, त्याचे घर अशा आदेशापर्यंत पोहोचणार तरी कसे?

शेजारची खुर्ची त्या दिवशी योगायोगाने रिकामी होती आणि माझ्यापाशी योगायोगाने पाच मिनिटे होती. मला तो योगायोग नको आहे. त्या खुर्चीवर रोज, शिकलेले आणि जबाबदार माणूस बसलेले असावे, असे मला वाटते. आणि ते माणूस मी व्हावे, अशी माझी इच्छा आहे. मी त्या दिवशी प्रश्न विचारू शकले, पण छातीला स्टेथोस्कोप लावून काय ऐकायचे हे मला माहीत नव्हते. नखांचा आकार का पाहायचा, श्वास मिनिटाला किती वेळा चालला की घाबरायचे, कोणाला मोठ्या रुग्णालयात तातडीने पाठवायचे आणि कोण आठवडाभर थांबू शकतो, हे कळत नव्हते. नुसत्या कळवळ्याने हे येत नाही. ते शिकावे लागते.

या व्यवसायाचा जन्मच अशा गरजेतून झाला आहे. अमेरिकेत डॉक्टरांचा तुटवडा असताना ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी 1965 साली चार विद्यार्थी घेऊन पहिला वर्ग सुरू केला. ते चौघेही नौदलात रुग्णसेवा केलेले होते. हाताला अनुभव होता, पण नागरी जीवनात त्या अनुभवाला जागा नव्हती. आज तिथे असे दीड लाखाहून अधिक लोक काम करतात. आपल्याकडे डॉ. के. एम. चेरियन यांनी 1992 साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हे शिक्षण सुरू केले. रुग्णाची हकीकत घेणे, तपासणे, डॉक्टरांपुढे नेमकेपणाने मांडणे, ठरलेले उपचार पुढे नेणे, शस्त्रक्रियेत हाताशी उभे राहणे आणि रुग्ण घरी गेल्यावर त्याचा मागोवा ठेवणे, असे या कामाचे स्वरूप आहे. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने या व्यवसायाला नाव घेऊन मान्यता दिली, ही माझ्यासारख्यांच्या दृष्टीने मोठी घटना आहे.

खरे तर इंदूरकरांना ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या गावात 1878 पासून वैद्यकीय शाळा होती, तिलाच पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल हे नाव मिळाले, आणि तिथून पदवीऐवजी पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्या लायसेन्शिएट डॉक्टरांनी होळकर संस्थानातले आणि आसपासचे दवाखाने चालवले. माझे पणजोबा त्यांतलेच एक. आजी सांगते की ते बैलगाडीतून नर्मदाकाठच्या गावांत जात, आणि न समजलेल्या रुग्णाबद्दल इंदूरच्या आपल्या गुरूंना पत्र लिहून विचारत. 1946 साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला तेव्हा देशातल्या सुमारे साडेसत्तेचाळीस हजार डॉक्टरांपैकी जवळजवळ तीस हजार लायसेन्शिएट होते. समितीने बहुमताने तो अभ्यासक्रम बंद करून एकच पदवी ठेवावी असे सुचवले. काही सदस्यांनी त्याविरुद्ध मत नोंदवले. एकच दर्जा सर्वांना मिळावा हा त्यामागचा हेतू उदात्त होता, यात मला शंका नाही. पण गावातला दवाखाना रिकामा राहिला, आणि त्या रिकाम्या जागी सलाईनची बाटली लटकवणारा, शिक्षण न झालेला माणूस जाऊन बसला. झाबुआच्या रस्त्यावर दर काही मैलांवर तो दिसतो.

सर्वांत गंभीर आक्षेप एका डॉक्टर काकांनी घेतला, आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणाले, ‘शहरातल्याला पूर्ण डॉक्टर आणि आदिवासीला अर्धा, हा कुठला न्याय?’ या प्रश्नाने मला दोन रात्री झोप लागली नाही. ब्रिटनमध्येही याच मुद्द्यावर मोठा वाद झाला आणि 2025 साली तिथल्या लेंग अहवालाने सांगितले की निदान न झालेल्या रुग्णाला या सहाय्यकांनी सरसकट पाहू नये, त्यांच्या कामाची मर्यादा स्पष्ट असावी आणि रुग्णाला आपण कोणाशी बोलत आहोत हे कळावे. मला हे पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच मी डॉक्टरांऐवजी बसणार नाही, डॉक्टरांशेजारी बसणार आहे. माझ्या हातून तपासलेल्या प्रत्येक रुग्णाचा अंतिम निर्णय डॉक्टरांचा असेल, आणि माझ्या छातीवरच्या पट्टीवर ‘सहाय्यक’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असेल. हा शब्द मला कमीपणाचा वाटत नाही. तो रुग्णाला दिलेला खरेपणा आहे.

काकांना मी एवढेच विचारले की तिथे पूर्ण डॉक्टर आज आहे का, आणि असला तर त्याला चार मिनिटांत पूर्ण डॉक्टर होता येते का? छत्तीसगडने 2001 साली तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. विरोध झाला, प्रवेश थांबले, पण शिकून निघालेले तरुण ग्रामीण वैद्यकीय सहाय्यक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेले, आणि पुढे झालेल्या पाहणीत प्राथमिक उपचारांच्या बाबतीत ते वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बरोबरीचे ठरले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि 39 गावांत नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले, हे तर आपण मराठी माणसे अभिमानाने सांगतो. नीट शिकवलेल्या आणि पाठीशी डॉक्टर असलेल्या माणसावर विश्वास टाकण्याची ही दोन उदाहरणे मला पुरेशी वाटतात.

‘मग नर्स का नाही?’ असेही विचारले गेले. परिचर्या हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि आमच्या गाडीतल्या सिस्टरांकडून मी जितके शिकले तितके कुठेच शिकले नव्हते. मुलाच्या दंडाला कुपोषण मोजण्याची फीत गुंडाळून ती लाल भागात, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आली, की त्या मुलाला मांडीवर घेऊन आईशी पोषण पुनर्वास केंद्राबद्दल त्या जशा बोलत, तसे मला अजून बोलता येत नाही. पण माझे मन निदानाच्या मागावर जाते. ‘असे का झाले असेल’ हा प्रश्न मला सोडत नाही, आणि माणसाने आपल्या ओढीच्या दिशेने शिकावे.

माझी खरी चिंता वेगळी आहे. या शिक्षणातून बाहेर पडणारे बहुतेक जण मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांत, हृदयशस्त्रक्रियेच्या विभागांत किंवा अतिदक्षता कक्षांत जातात, कारण जागा तिथे आहेत. आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे हे प्रमाण ठरलेले आहे. त्या केंद्रात डॉक्टरांशेजारची ही दुसरी खुर्ची मात्र कोणी मांडलेली नाही. ती मांडावी, असे मी या पोस्टमधून आग्रहाने म्हणत आहे. कायद्याने नाव दिले, आता राज्याने पद निर्माण करावे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी आपल्याच राज्यात, शहडोलला सुरू झाले. तपासणीचे कार्ड हातात पडल्यावर एखाद्या आजारी मुलीला दर महिन्याला कोण भेटणार, गोळी चालू आहे का, रक्ताची तपासणी झाली का, लग्न ठरण्याआधी दोन्ही घरांशी कोण बोलणार? हे काम एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातून होणार नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

पुढच्या महिन्यात मी जाईन. भिली बोलीतले शब्द उतरवून घेतलेली वही सोबत नेणार आहे. दुखण्याचे तीनच प्रकार त्यात आतापर्यंत लिहिलेले आहेत आणि सुट्टीत झाबुआला जाऊन ती वाढवायची आहे. ही पोस्ट वाचणाऱ्यांत झाबुआ, अलिराजपूर, बडवानी किंवा धार जिल्ह्यात काम करणारे डॉक्टर असतील, तर त्यांना माझी विनंती आहे: चार वर्षांनी मला आपल्या हाताखाली घ्यायची आपली तयारी असेल, तर आत्ताच कळवा. काय शिकून यायला हवे, कोणत्या गोष्टी पुस्तकात मिळत नाहीत, ते सांगा. मी त्याप्रमाणे तयारी करून येईन.