बफेटच्या घराची किंमत आमच्या वाडीत कशी पोचली?

हा मेसेज मला याआधी तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो न वाचताच पुसला. चौथ्यांदा तो देवगडहून आला, आईकडून, आणि खाली तिची स्वतःची ओळ होती : "बघ रे, येवढे पैशेवाले, पण रवतत कशे साधे! आपलो तो जमनीवालो पण तसोच आसा."

तेव्हा वाचणं भाग पडलं. मथळा 'खऱ्या श्रीमंताला प्रसिद्धी लागत नाही' असा. झुकरबर्ग रोज एकाच रंगाचा टी-शर्ट घालतो, वॉरन बफेट १९५८ साली घेतलेल्या घरात राहतो, मस्क ५० हजार डॉलरच्या घरात. सगळ्यांनी संपत्ती दान करून टाकली. आणि शेवटी, ठळक अक्षरांत : पैशाचा व्यवहार करताना माणसाचा साधेपणा बघा, साधा माणूस कधी फसवत नाही.

आधी टी-शर्ट. तो करडा टी-शर्ट बरीच वर्षं खराच होता, आणि रोज कपडे निवडण्यात डोकं घालवायचं नाही म्हणून तो घालतो, हे झुकरबर्गने २०१४ मध्ये लोकांसमोर बसून सांगितलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने पालो आल्टोतल्या आपल्या घराच्या आजूबाजूची चार घरं विकत घेतली होती, शेजार नको म्हणून. त्यांची किंमत ३ कोटी डॉलरच्या वर. पुढे हवाईतल्या एका बेटावर शेकडो एकर जमीन. मेसेजमध्ये टी-शर्ट आला, घरं आणि जमीन राहून गेली.

मस्कच्या ५० हजार डॉलरच्या घराची बातमी २०२१ मध्ये खुद्द मस्कनेच ट्विटरवर दिली. ज्याला प्रसिद्धी लागत नाही, त्याने! त्याचं खाजगी विमान या हिशोबात धरलेलं नाही.

बफेटचं मात्र मान्य करावं लागेल. अमेरिकेतल्या ओमाहा शहरातलं घर ३१,५०० डॉलरचं, आणि तो खरंच अजून तिथेच राहतो. २००६ पासून तो दानही खरंच देत आलाय. (कॅलिफोर्नियात समुद्रकाठी त्याचं दुसरं घर होतं, ते २०१८ मध्ये ७५ लाख डॉलरला विकलं, पण असो.) मला वेगळाच प्रश्न पडतो. आमच्या शेजारची हापूसची बाग गेल्या वर्षी विकली गेली. सौदा कितीला झाला ते अख्ख्या वाडीत कुणाला ठाऊक नाही. आणि ओमाहातल्या घराची किंमत आईला तोंडपाठ! इतक्या लांबून जो साधेपणा घरपोच येतो, तो कुणीतरी धाडलेला असतो.

दानाबद्दल एवढंच : २०१० मध्ये गेट्स आणि बफेटने सुरू केलेली, निम्मी तरी संपत्ती दान करण्याची ती प्रसिद्ध प्रतिज्ञा कायद्याने कुणालाही बांधत नाही. झुकरबर्गने २०१५ मध्ये ९९ टक्के शेअर हयातीत देईन म्हणून जाहीर केलं, ते धर्मादाय संस्थेला नव्हे, स्वतःच्याच ताब्यातल्या कंपनीला. 'देईन' आणि 'दिले' यांतला फरक बाजारात उधारी मागितलेल्या कुणालाही विचारा.

आता ती ठळक ओळ. साधा माणूस फसवत नाही म्हणे. आभासी चलनाचा (क्रिप्टोचा) बाजार चालवणारा सॅम बँकमन-फ्रीड, हे नाव मेसेज लिहिणाऱ्याच्या कानावर गेलेलं दिसत नाही. चुरगळलेला टी-शर्ट, अर्धी चड्डी, विंचरायचे राहून गेलेले केस, टोयोटा कोरोला गाडी आणि 'मी कमावतो ते दान करण्यासाठीच' ही भाषा. राहायला मात्र बहामात समुद्रकाठचा आलिशान पेंटहाऊस, आणि मायामीच्या बास्केटबॉल स्टेडियमला आपल्या कंपनीचं नाव पैसे मोजून लावलेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचा आभासी चलनाचा बाजार बुडाला तेव्हा लोकांचे ८०० कोटी डॉलर जागेवर नव्हते. मार्च २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली.

आणि ती कोरोला? ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात त्याची सहकारी, एकेकाळची मैत्रीण, कॅरोलाइन एलिसनने शपथेवर सांगितलं : आधी दोघांना कंपनीच्या महागड्या गाड्या होत्या. त्याने त्या बदलून स्वतःला कोरोला आणि तिला होंडा सिव्हिक घेतली, कारण प्रतिमेला ते बरं दिसतं. केससुद्धा तसेच; आपली जी गोष्ट लोकांना सांगायची त्यात हे केस महत्त्वाचे आहेत, असं तो मानायचा. म्हणजे आपण ज्याला गबाळेपणा समजत होतो, तो बेतलेला होता.

आईला फोनवर एवढंच सांगितलं, बाकी आकडे गाळून. मोठ्या गाड्या सोडून लहान गाडी घेतली, लोकांना बरं दिसावं म्हणून. पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

मग म्हणाली, "आमचो तो जमनीवालो पण गाडी तिठ्यार ठेवता, आणि थयसून चपला घालून वर चलत येता. माका वाटला, रस्तो खराब म्हणान."

"कसली गाडी?"

"मोठी आसा. काळी."

येत्या रविवारी तो आमच्या कातळावरच्या जमिनीचं टोकन घेऊन येणार आहे आणि सातबाऱ्याचा उतारा त्याने आधीच नेलाय, हेही तेव्हाच कळलं. शनिवारी रात्रीच्या कोकणकन्येने निघतोय. तिकीट वेटिंगवर आहे, उभा राहून जाईन.